त्रेचाळिसावं माणूस

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलंय की आजी नॉर्वेच्या बोटीवर नोकरीला होती. ते खरं नाही. चुकीची गोष्ट घरात एकदा रुजली की निघत नाही, म्हणून आधी तेवढं दुरुस्त करते. मी नॉर्वेला कधीही गेलेले नाही. नॉर्वेच्या किनाऱ्याकडे जाणारी काही मोठी प्रवासी जहाजं वाटेत एक दिवस आयर्लंडला, आमच्या डून लेरीसमोर थांबत. जहाजावरचे लोक छोट्या बोटींतून धक्क्यावर उतरत, बसमध्ये बसून काहीतरी पाहून येत आणि दिवस संपायच्या आत परत जहाजावर जात. त्या बसमध्ये त्यांच्याबरोबर जायचं, एवढंच माझं काम. २०१२ आणि २०१३ असे दोन उन्हाळे मी ते केलं.

हे काम मला कसं मिळालं तेही सांगते. तुमचे आजोबा आयर्लंडच्या वायव्य टोकाला, लेटरकेनीच्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर होते आणि त्यांच्यामागून मी तिथे गेले. पुण्यात मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. लेटरकेनीत मी डॉक्टरांची बायको झाले. तिथे गाडीशिवाय पान हलत नाही आणि मी कधी गाडी शिकले नाही. त्यामुळे बरीच वर्षं मी कुठेही गेले तरी आजोबांच्या शेजारच्या सीटवर बसून गेले. ते निवृत्त झाल्यावर आम्ही डून लेरीला फ्लॅट घेतला. इथे समुद्राकाठानं चालत दुकानं, वाचनालय, डार्टचं, म्हणजे लोकल गाडीचं, स्टेशन, सगळं गाठता येतं. वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद दिसला: जहाजाच्या दिवसांसाठी चांगलं इंग्रजी येणारी, व्यवस्थित माणसं हवीत. तोपर्यंत आम्हाला इथलं नागरिकत्व मिळालं होतं, कामाला आडकाठी नव्हती. मी अर्ज केला.

मुलाखत घेणारी बाई माझ्या निम्म्या वयाची होती. तिनं विचारलं, "परत निघायच्या वेळी एक माणूस कमी भरलं तर काय कराल?"

मी म्हणाले, "पुन्हा मोजेन."

ती हसली आणि मला ठेवून घेतलं.

माहिती सांगणं हे माझं काम नव्हतं. ते गाइडचं, आणि आमच्या बसवर गाइडचं काम ड्रायव्हरच करायचा. तो विकलो जिल्ह्यातला, पन्नाशीचा, बोलका माणूस. डोंगर, मेंढ्या, साधुसंत आणि फुटबॉल हे सगळं तो एकाच दमात सांगे. मी पुढच्या सीटवर बसायची, प्रत्येक थांब्यावर क्रमांकाची पाटी उंच धरून चालायची, कोणाला बाथरूम कुठे ते दाखवायची आणि माणसं मोजायची. उतरताना मोजायची, चढताना मोजायची, निघायच्या आधी परत मोजायची. इंग्रजी शाळेत शिकले, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण मोजायला लागले की मराठीतच. तोंडातल्या तोंडात पुटपुटत मी मधल्या वाटेनं जायची. ड्रायव्हरला वाटायचं मी मंत्र म्हणते. एकदा त्यानं विचारलंही, "हे सुरक्षित प्रवासासाठी असतं का?" मी म्हटलं, "हो, तसंच समज."

ज्या दिवसाची गोष्ट सांगायचीय तो २०१३चा जून. सकाळपासून बारीक पाऊस. जहाज तिथून पुढे स्कॉटलंडच्या उत्तरेनं नॉर्वेकडे जाणार होतं. चार बस निघाल्या, चारही ग्लेंडालॉकला. ही डोंगरांमधली एक दरी आहे. जुन्या मठाचे पडके अवशेष, उंच गोल मनोरा, दफनभूमी आणि एकापुढे एक अशी दोन तळी. माझी बस दोन नंबरची. त्रेचाळीस माणसं. जहाजानं सगळ्यांना एकसारखे पिवळे रेनकोट दिले होते, टोपीसकट. बसमध्ये चढताना प्रत्येकाच्या छातीवर मी २ आकड्याचा गोल स्टिकर लावला होता, पण वरून रेनकोट आल्यावर तो कोणाला दिसणार? धक्क्यावरून त्रेचाळीस पिवळ्या टोप्या मी आत घेतल्या आणि यादीवर खुणा केल्या. चेहरे पाहिले का? काहींचे पाहिले. जे बोलले त्यांचे, ज्यांनी काही मागितलं त्यांचे.

ग्लेंडालॉकला लोकांना मोकळं सोडलं. पावणेदोन वाजता बसपाशी या असं मी तीनदा सांगितलं. पावणेदोनला मोजलं तर बेचाळीस. पुन्हा मोजलं, बेचाळीस. बाकीच्या तीनपैकी दोन बस एकेक करून निघाल्या, चार नंबरची आमच्या मागेच उभी होती. आम्ही दहा मिनिटं थांबलो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी दारात उभी राहून मागच्या खिडकीपर्यंत नजर फिरवत तिसऱ्यांदा मोजत होते, जरा मोठ्यानं, कारण वैताग आला होता.

"...चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस..."

"त्रेचाळीस!" बसच्या खालून आवाज आला.

वळून पाहिलं. पायरीशी पिवळ्या रेनकोटात एक म्हातारी बाई. टोपीखाली कपाळावर कुंकू, रेनकोटाखालून हिरव्या साडीचा काठ आणि साडीखाली पांढरे बूट. हात वर करून ती मला म्हणत होती, "द्या की हात! चढाय येत न्हाई मला."

मला झालेला आनंद काय सांगू! दोन उन्हाळ्यांत माझ्या बसमध्ये मराठी माणूस एकदाही आलं नव्हतं. मी हात दिला, तिला वर घेतलं, माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. सकाळी टोपीमुळे आपल्या लक्षात आली नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि लगेच पटवूनही घेतलं. ड्रायव्हरला म्हटलं, "त्रेचाळीस. चल."

तो म्हणाला, "ग्रँड," म्हणजे ठीक आहे, आणि बस निघाली. एक वाजून पंचावन्न मिनिटं.

नियम असा होता की उशिरा आलेल्याचा स्टिकर बघायचा. तो नियम मीच माझ्यासाठी केला होता, पहिल्या उन्हाळ्यात, आणि प्रत्येक वेळी पाळला होता.

मावशी साताऱ्याकडच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलगा आणि सून इंग्लंडात नोकरीला, त्यांनी हौसेनं आईला जहाजावर आणलेलं.

"आठ दिस झाले बाई, आठ दिस," त्या म्हणाल्या. "ल्योक अन् सून सोडले तर मराठी बोलाय कुत्रं न्हाई. अन् ती दोघं आपापसात विंग्रजी फाडत्यात. तुमी आकडं म्हनत व्हता त्ये कानावर आलं अन् माझ्या अंगावर काटा आला बघा."

"जेवणाचं काय करता?"

"जेवान लई हाय. पर सगळं गारढोण. मी खोलीत किटलीत पानी तापीवते अन् भाकरीचा चुरा टाकून खाते. सुनंला ठाव न्हाई. तुमी नगा सांगू."

"नाही सांगत."

"आता फुडं कुठं नेत्यात म्हनं तितं सूर्य मावळतच न्हाई. खरं का वो?"

"उत्तरेला अगदी वर गेलात तर खरं आहे. जूनमध्ये रात्रभर उजेड असतो."

"मग दिवा कवा लावायचा?"

या प्रश्नाचा मी कधी विचार केला नव्हता. म्हटलं, "घड्याळ बघून लावा, मावशी. सात वाजले की लावायचा."

"घड्याळ बघून?" त्यांना ते फारसं पटलं नाही. "आन् देवाला कसं कळायचं?"

असं बोलत बोलत आम्ही चाळीस मिनिटं आलो. तुम्हाला खरं सांगायचं तर इतकी छान चाळीस मिनिटं माझी या देशात फार थोडी गेली असतील.

मोठ्या रस्त्याला लागण्याआधी लोकरीच्या कपड्यांचं एक दुकान होतं, तिथे बस वीस मिनिटं थांबायची. लोक उतरले. ग्लेंडालॉकच्या दरीत मोबाइल लागत नाही आणि गाडी चालू असताना मी तो पर्समध्येच ठेवत असे. उतरून पाहिलं तर निरोप होता. चार नंबरच्या बसवरची माझ्यासारखीच एक बाई, छान हसऱ्या आवाजात: "आमच्या एक आजीबाई तुझ्या बसमध्ये बसल्यात. त्यांच्या मुलानं खिडकीतून पाहिलं; तो म्हणतो, तिला तिथे गप्पा मारायला कोणी मिळालंय, त्याची हरकत नाही. धक्क्यावर उतरवून घे."

मी निरोप दोनदा ऐकला. त्रेचाळिसातून एक गेला. म्हणजे मी दहा मिनिटं थांबले होते ते बरोबर होतं, आणि मग निघाले ते चूक.

यादी घेऊन मी दुकानात शिरले. एकेकाला गाठून नाव विचारलं, खूण केली. स्वेटर अंगाला लावून बघणाऱ्यांना, बाथरूमच्या रांगेतल्यांना, सगळ्यांना. एक नाव उरलं. एकटा प्रवास करणारा पुरुष, खोलीचा क्रमांक, बाकी काही नाही. बसमध्ये जाऊन पाहिलं तर मधल्या एका सीटवर घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं. सकाळपासून त्या सीटवरून मी चार वेळा मोजत गेले होते.

ड्रायव्हर म्हणाला, "मागे फिरणं शक्य नाही. चाळीस मिनिटं जायला, तासाहून जास्त यायला. शेवटची बोट पावणेपाचला. एकासाठी बेचाळीस जण बोट चुकवतील."

मी ग्लेंडालॉकच्या माहिती केंद्रात फोन लावला. तिथली मुलगी फार नीट बोलली, इमारतीत बघून आली, कोणी नव्हतं. बाहेर शोधते म्हणाली, पण दिसतो कसा? टॅक्सी तिथे उभ्या नसतात. मग मी घरी फोन लावला. जहाजाच्या दिवशी मी चारपर्यंत घरी यायची आणि आम्ही तेव्हा एकत्र जेवायचो, म्हणून आजोबा तीनच्या सुमारास कुकर लावायचे.

"अहो, कुकर लावलात का?"

"एक शिट्टी झाली. का गं?"

"बंद करा आणि गाडी काढा."

"कुठे जायचंय?"

"ग्लेंडालॉक. एक माणूस मागे राहिलाय."

"कोणाचा?"

"माझा."

मागे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग आजोबा डॉक्टर झाले. "वय?"

"माहीत नाही."

"उंच की बुटका? चष्मा? चालतो कसा?"

"माहीत नाही हो."

"अगं, सकाळपासून तुझ्याबरोबर होता ना?"

शेजारी मावशी उभ्या होत्या. आपल्यामुळे काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना माझ्या तोंडावरून कळलं होतं. त्यांनी माझा दंड धरला. "कोन राहिलं?"

"एक माणूस, मावशी. एकटा आलेला. कसा दिसतो तेच मला ठाऊक नाही."

"एकटा? म्हातारा? तपकिरी टोपी, गुडघ्याला पट्टा, काठी?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"आवो, त्यो माझ्याशेजारी बाकावर बसला व्हता! माझी मान्सं फिराय गेली, मी बसले. त्यो पन बसला. त्याला गुडघा दुखत व्हता, मला बी दुखत व्हता, दोघांनी एकमेकाला दाखवलं. माझ्यापाशी संत्रं व्हतं, अर्धं दिलं त्याला. मग त्यानं असं वर बोट केलं, वरच्या तळ्याकडं. मी म्हनलं, पाय दुखतोय तर कशाला मरायला जातोस? त्याला काय कळतंय! हसला अन् गेला काठी टेकीत."

"तुम्ही अंगात घातलाय तसलाच पिवळा कोट?" मला पहिलं सुचलं ते मी विचारलं.

"पिवळा काडून हातात घेतला व्हता. आतला स्वेटर इटकरी."

मी फोनमध्ये सगळं जसंच्या तसं सांगितलं. वरचं तळं, तपकिरी टोपी, विटकरी स्वेटर, गुडघ्याला पट्टा, काठी. आजोबा म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" आणि फोन ठेवला. दोन वाजून पंचावन्न मिनिटं.

आता तुमच्या आजोबांच्या गाडी चालवण्याबद्दल तुम्हाला माहीत आहे. तुमचे बाबा म्हणतात, बाबांच्या मागे मेंढ्यासुद्धा हॉर्न वाजवतात. आमच्या घरापासून ग्लेंडालॉक दुसऱ्या कोणाला चाळीस मिनिटं, आजोबांना पन्नास. बसमध्ये परत बसल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: पोचायला पावणेचार, माणूस सापडायला पाच मिनिटं, परत चार चाळीस. शेवटची बोट चार पंचेचाळीस. वाटेत एक जरी ट्रॅक्टर आडवा आला तर नाही. हे मी तीन वेळा मांडलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

आम्ही धक्क्यावर सव्वातीनच्या थोडं पुढे पोचलो. बेचाळीस जणांना खाली उतरवलं, या वेळी यादीनं, एकेकाचं तोंड बघून. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी धन्यवाद म्हटलं आणि बोटीत बसून गेले. त्यांना काही कळलंच नव्हतं. आमच्या मुख्य बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी जहाजाच्या अधिकाऱ्याला सांगितलं. तो पांढऱ्या कपड्यातला तरुण माणूस, अतिशय नम्र. त्यानं वॉकीटॉकीवर काहीतरी कळवलं आणि पुढच्या बोटीतून एक बंद पाकीट आलं.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यांचा पासपोर्ट. ते वेळेत आले नाहीत तर इथल्या एजंटकडे देऊन जातो. मग त्यांनी विमानानं पुढचं बंदर गाठायचं."

"पुढचं बंदर कुठलं?"

"नॉर्वेतलं."

ते पाकीट त्याच्या हातात होतं. माझी नजर तिथून हलेना. पासपोर्ट जमिनीवर आला म्हणजे जहाजानं त्या माणसाला सोडायची तयारी केली. गुडघ्याला पट्टा बांधलेला, एकटा माणूस, औषधं खोलीत, कपडे खोलीत.

चार नंबरची बस दुकानापाशी न थांबता आमच्या आधीच आली होती. मावशींचा मुलगा आणि सून धक्क्यावर वाट पाहत होते. मुलगा चाळिशीचा, चांगल्या घरातला, दमलेला.

"आई, चल. बोट लागलीय."

"मी न्हाई येत."

"म्हणजे?"

"त्यो म्हातारा आला की येते."

"कोण म्हातारा?"

"संत्र्याचा."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी थोडक्यात सांगितलं. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुझा काय संबंध आहे? ते लोक बघून घेतील."

"माझ्यामुळं ही बाई चुकली. मी त्रेचाळीस म्हनले म्हनून तिनं गाडी सोडली. मी कशाला म्हनायचं?"

"बरं, झालं ते झालं. तू इथे उभी राहून गाडी लवकर येणार आहे का?"

"मी हितं हाय तवर बोट कशी सोडतील?"

"सोडतील, आई! ही काय एस.टी. आहे?"

"यष्टी मी थांबवलीय बरं का. तुझ्या धाव्वीच्या पेपराला. तू घरी चड्डीची नाडी बांधत व्हतास अन् मी दार धरून हुबी. कंडाक्टर बोंबलत व्हता. थांबली का न्हाई?"

"आई, हळू बोल."

"का? हितं कुनाला कळतंय?"

सून वळून समुद्राकडे बघायला लागली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. पांढऱ्या कपड्यातला अधिकारी जवळ आला आणि मुलाला विचारू लागला की मॅडमना काही त्रास होतोय का. मुलानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, त्या एका मित्राची वाट बघतायत.

त्या लाकडी बाकावर बसल्या, मी शेजारी उभी. सव्वाचार झाले. साडेचार झाले. मावशींनी किती वाजले ते विचारणं बंद केलं. आमच्या ड्रायव्हरनं खरं म्हणजे बस घेऊन जायला हवं होतं, पण तो गेला नव्हता. धक्क्याच्या तोंडाशी त्यानं बस अशी आडवी लावून ठेवली होती की दुसरी गाडी आत येऊ नये आणि आजोबांना थेट बोटीपर्यंत येता यावं. मी त्याला गाडीचा रंग सांगितला होता. चार अडतीसला अधिकाऱ्यानं एजंटला बोलावलं. पाकीट या हातातून त्या हातात गेलं. शेवटच्या बोटीच्या खलाशानं एक दोर सोडला.

चार एकेचाळीसला बस पुढे सरकली. मागून आमची राखाडी गाडी आली, त्याच वेगानं, ज्या वेगानं ती भाजीला जाते.

पुढच्या सीटवर तपकिरी टोपी होती. अधिकाऱ्यानं चाकाची खुर्ची पळवत नेली. त्या माणसाला उतरवायला, खुर्चीत बसवायला दोन मिनिटं लागली, कारण त्याचा गुडघा वाकतच नव्हता. वरच्या तळ्याशी तो बाकावर बसला आणि मग उठता येईना. बसून राहिला. हे सगळं आजोबांनी मला नंतर सांगितलं, पण एक गोष्ट त्यानं मला तिथेच सांगितली. खुर्ची माझ्यासमोरून जाताना त्यानं ती थांबवायला लावली आणि म्हणाला, "मला काळजी वाटली नाही. तुम्ही सकाळपासून इतक्या वेळा मोजत होतात. म्हटलं, एक कमी आहे हे या बाईंना कळणारच."

तो टोमणा नव्हता. तो खरोखर तसं मानून दीड-दोन तास तिथे बसला होता.

मी त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. लांबट चेहरा, गालावर दाढी करताना झालेली बारीक जखम, फिके डोळे, उजव्या कानात यंत्र. "मला कळलं नाही," मी म्हणाले. "मी चुकीच्या माणसाला मोजलं. मला माफ करा."

यंत्रातून त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. त्यानं मान हलवली. मग त्याला मावशी दिसल्या आणि त्यानं काठी वर केली. मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि त्याला सातारी मराठीत जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. खुर्ची बोटीत चढली. मागून मावशी, मुलगा, सून. एजंटकडून पाकीट परत आलं आणि अधिकाऱ्याच्या खिशात गेलं. बोट सुटता सुटता मावशींनी मला ओरडून सांगितलं, "सात वाजता लावीन बरं का, घड्याळ बघून!"

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "अहवालात लिहू नकोस. युअर मॅन उशिरा आला, एवढंच लिही. उशिरा आलाच की तो." इकडे कुठल्याही परक्या पुरुषाला असंच म्हणतात, युअर मॅन. मी घरी जायच्या आधी तिथेच बाकावर बसून अहवाल लिहिला. दुसऱ्या बसच्या प्रवाशाला स्टिकर न बघता आत घेतलं आणि स्वतःच्या प्रवाशाला मागे सोडून निघाले, असं लिहिलं. का, ते लिहायला रकाना नव्हता. तुम्हाला सांगते: ती आपली होती म्हणून. आपली म्हटल्यावर ती माझ्याच बसची असणार, हे मी धरून चालले. आणि तो कोणाचाच नव्हता, म्हणून त्याची जागा रिकामी आहे हे मला दिसलं नाही.

मुख्य बाईंनी अहवाल वाचला आणि पुढच्या जहाजाला मला बोलावलं नाही. त्यापुढच्या जहाजाला बोलावलं. तेव्हापासून मी यादीत प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहू लागले: मिशी, जांभळी छत्री, खोकला, डाव्या हातात दोन अंगठ्या. ती यादी कंपनीला परत द्यावी लागे, त्यामुळे एकही माझ्याकडे नाही. आकडे मी अजून मराठीतच म्हणते, पण आता तोंड बघून.

त्या दिवशी आम्ही दोघं सहाला घरी आलो. कुकर उघडला तर एका शिट्टीवर बंद केलेला भात वरून कोरडा, आत कणीदार. आजोबांनी एक शीत दाबून पाहिलं आणि म्हणाले, "थोडं पाणी घालून परत लाव." मी लावला. तीन शिट्ट्या होईपर्यंत दोघंही ओट्यापाशी उभे होतो. आजोबांनी मला सांगितलं की तो माणूस येताना सगळा रस्ता त्यांना विचारत होता, तुमच्या त्या मैत्रिणीचं नाव काय, जिनं मला संत्रं दिलं.

त्यांना ते माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.